कांद्याच्या गोडाऊनमधलं अपहरण

“ऊठ आधी. रुमाल दिसत न्हाई का तुला? तुझ्याच बुडाखाली हाय बघ.”

आई ओरडत होती आणि खिडकीजवळ बसलेला आमच्या शेजारच्या गल्लीतला पैलवान ढिम्म हलत नव्हता. एसटीत जागा धरतात तसा आईनं बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकला होता. फरक एवढाच, की हे विमान होतं. म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतलं. सावेडीच्या पुढं एका कांद्याच्या गोडाऊनमध्ये भंगारातल्या लक्झरी बसच्या सीटा मांडून, वरून पांढरे पत्रे वाकवून उभं केलेलं. कांद्याच्या वासानं, प्रवासी म्हणून गल्लीतून गोळा करून बसवलेल्या आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सीन अपहरणाचा असल्यामुळं डायरेक्टर खूश होता. रडणं फुकटात मिळत होतं.

“काकू, इमानात रुमाल चालत न्हाई,” पैलवान म्हणाला.

“तू किती येळा बसलास रं इमानात?”

“तुमी किती येळा बसला?”

हे त्यानं बोलायला नको होतं. घोडेगावला दिलेली माझी मावशी, आईची धाकटी बहीण, मुलाबरोबर दुबईला जाऊन आली होती आणि तेव्हापासून बारशाला आली तरी ढगांच्या वरूनच बोलायची. “अक्का, तुला न्हाई कळायचं ते,” हे तिचं ठरलेलं. त्या बहिणीनं आपल्याला एकदा तरी विमानाच्या खिडकीत बघावं, म्हणून आई पहाटेपासून ठेवणीतली पैठणी नेसून उभी होती.

तिनं हवाईसुंदरीच्या ट्रॉलीवरचा स्टीलचा ट्रे उचलला आणि पैलवानाच्या मोडक्या कानावर असा हाणला, की तिकडं भंडारदऱ्याच्या धरणावरचे बगळे उडाले असतील. कान फुटला. पैलवान उठला तो सीटसकट उठला. मी मध्ये पडलो, हे मी शपथेवर सांगतो. त्यानं मला एका हातानं उचलून चार रांगा मागं भिरकावलं आणि माझा पुढचा दात तिथंच राहिला. शेवटी डायरेक्टरनं हातापाया पडून आईला खिडकी दिली. पैलवान कानाला टॉवेल लावून तिच्या शेजारी बसला.

कॅमेरा सुरू झाला. लाकडी पिस्तुलं घेऊन दोन अपहरणकर्ते आत आले. पुण्याहून आणलेले नट, अंगानं काटकुळे.

“सगळ्यांनी माना खाली.”

सगळ्या माना खाली गेल्या. आईची वरच.

“काकू, मान खाली घ्या,” डायरेक्टर म्हणाला.

“खाली घातल्यावर दिसंन का मी?”

त्यातल्या एका नटाला अभिनयाचा जोर चढला. त्यानं आईचा अंबाडा धरून डोकं खाली दाबलं. आई त्याच्या मनगटाला कडकडून चावली. कळवळून त्यानं पिस्तुलाचा दस्ता तिच्या कपाळावर घातला, रक्ताची धार थेट पैठणीवर आली.

पैलवान शांतपणे उठला. “बाईवर हात टाकतो व्हय रं?”

एकच ठोसा. नटाचा जबडा कानाखाली जाऊन बसला. मग अख्खं विमान उठलं. कुणी सीटचे दांडे उपटले, कुणी वहाणा काढल्या. “मी नट आहे, मी नट आहे,” दुसरा किंचाळत होता. “व्हय, व्हय, कळलं,” म्हणत एक म्हातारे गृहस्थ त्याच्या बरगड्या मोजून हाणत होते. पत्रे कोसळले, विमानाचा पंख त्या दोघांवर पडला आणि आमच्या लोकांनी पंखावर चढून त्यांना तुडवलं. दोघांना टेम्पोत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. या सगळ्यात डायरेक्टरनं कॅमेरा काही थांबवला नाही.

चार दिवसांनी रात्री आठच्या भागात मालिकावाल्यांनी तो सगळा राडा दाखवला. प्रवाशांचं बंड म्हणे. खिडकीत आईचं रक्तानं माखलेलं तोंड पडदाभर दिसलं आणि आमची गल्ली टाळ्या वाजवायला लागली. कपाळावर सहा टाके घातलेल्या आईनं भाग संपायच्या आत घोडेगावला फोन लावला.

“दिसले का गं मी?”

पलीकडं भांडी आपटल्याचा आवाज आला.

“आमच्याकडं सातपासनं लाईट न्हाई,” मावशी म्हणाली.