तांबड्या कापडाचं पहिलं पाणी

बादलीतलं पाणी लाल झालं आणि मी बाथरूमच्या दारातच उभी राहिले. आत जाववेना, मागे फिरवेना. कापडाचा रंग जातोय, एवढंच, हे मला अगदी नीट कळत होतं, तरी त्या लालकडे बघवत नव्हतं. कारण ते कापड ताईच्या बाळासाठी होतं, आणि बाळ अजून यायचं होतं.

थांबा, आधीपासून सांगते. ताई बेंगळुरूजवळ होसकोटेला राहते, दाजी तिथल्याच एका कारखान्यात आहेत. मी व्हाइटफील्डला, ऑफिसजवळ भाड्याच्या घरात. आम्ही मूळच्या निपाणीकडच्या. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात आणि बाळाची वाकळ जुन्या लुगड्यांचीच करतात. मागच्या खेपेला ताईला दिवस राहिल्या राहिल्या आईने हौसेनं वाकळ शिवायला घेतली. वाकळ पुरी झाली आणि पाचव्या महिन्यात ताईचं बाळ गेलं. ती वाकळ आता कुठं आहे, कुणी विचारत नाही. म्हणून ह्या वेळी आईची सक्त ताकीद होती: बाळ हातात येईपर्यंत कापडाला सुई लावायची नाही.

आता ताईला आठवा लागलेला आणि घरात बाळाची एक वस्तू नाही. टोपडं नाही, लंगोट नाही, काहीच नाही. कुणी विचारलं की ती विषय बदलायची. आणि एक दिवस मी कापडाच्या दुकानात कुर्त्यासाठी काहीतरी बघत होते, तिचा व्हिडिओ कॉल चालू होता, आणि ती एकदम म्हणाली, तुझ्या मागे ते तांबडं दिसतंय ना, ते घे. आणि अस्तराला पांढरं पण घे. कशाला ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला दुकानातच रडू यायला लागलं, दुकानदाराला वाटलं भाव जास्त झाला.

मग मी शिवणाचे व्हिडिओ बघत सुटले, तर सगळीकडे एकच भांडण. कापड आधी धुवायचं की नाही. आमच्याकडे हा प्रश्नच कधी पडत नाही हो, लुगडं वाकळीत जाईपर्यंत इतकं धुतलेलं असतं की आटायला आणि रंग जायला त्यात काही शिल्लकच नसतं. पण हे कोरं करकरीत, खळ तशीच. न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात आटणार, चुण्या पडणार, पांढऱ्यावर लाल डाग, आणि बाळाच्या अंगाला रंग लागणार तो वेगळाच. धुवावं तर ही तयारीच झाली ना? सुई लावली काय आणि पाणी लावलं काय. मी असलं काही मानत नाही असं ऑफिसात सांगत असते. पण ताईने फोन उचलायला एक रिंग जास्त लावली तरी मी लगेच दाजींना फोन लावते.

मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "आई शिवू नको म्हणालीय. धुवू नको कुठं म्हणालीय?"

ती शनिवारी दुपारी येणार होती. मी ठरवलं, ती यायच्या आत उरकून टाकायचं, तो रंग तिला दिसायलाच नको. पण पहिलं पाणी लाल. ओतलं, दुसरं भरलं, तेही लाल. आणखी एकदा भरत होते तर नळ फुस्स करून थांबला. पाण्याचा टँकर आलाच नव्हता, बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळ्यांची बोंबाबोंब सुरू. कापड त्या लाल पाण्यात तसंच, माझे हात कोपरापर्यंत लाल, आणि बेल वाजली.

दारात ताई, आणि तिचा हात धरून खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अक्का. ह्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूतच, मराठी बोलतात पण निम्मी कन्नड. "स्वल्प हळू, स्वल्प हळू" करत त्यांनी ताईला जिना चढवला होता. माझे हात बघून दोघी उंबऱ्यातच थांबल्या.

मी बाथरूमच्या दारात आडवी उभी राहिले. ताईने मला बाजूला केलं आणि बादलीकडे बघत राहिली. बराच वेळ. मागच्या वेळी घरच्या बाथरूममध्ये तिने काय बघितलं होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही. मी फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ती स्टुलावर बसली, सावकाश, आणि हात पाण्यात घातला.

"रंग आहे गं नुसता," ती म्हणाली. मला की स्वतःला, कुणास ठाऊक. मग म्हणाली, "ओत ते."

मी म्हटलं, पाणीच नाहीये.

अक्का म्हणाल्या, "पिण्याचे कॅन आहेत की. तू पितेस तरी कुठं पाणी, नुसती कॉफी." आणि स्वतःच्या घरातलाही एक भरलेला कॅन वर घेऊन यायला सांगितलं. तो जिन्यावरून चढवताना माझा जीव गेला, पण बरं वाटलं, निदान काहीतरी करत होते.

ताई खळबळायची, मी ओतायचे. लाल, मग गुलाबी, मग जेमतेम गुलाबी. तिने ओल्या तांबड्याचं टोक पांढऱ्यावर दाबून धरलं. डाग पडला. आणखी पाणी. पुन्हा दाबलं. ह्या वेळी पांढरं पांढरंच राहिलं, आणि ताई असं काही हसली की मला जास्तच भीती वाटली. इतकं हसू नये असं वाटलं, कुणी बघेल.

कापड बाल्कनीत वाळत घातलं आणि आईचा फोन. रोज ह्याच वेळी येतो, बाळ फिरतंय का विचारायला. मी ताईला खुणेनं सांगत होते, सांगू नको, सांगू नको.

ताई म्हणाली, "फिरतंय. आई, आम्ही बाळाच्या वाकळीचं कापड धुतलं."

मला वाटलं फोन कट झाला. ताईचा हात पोटावर, माझा फोनवर.

मग आई म्हणाली, "सावलीत घातलंय न्हवं? उन्हात रंग उडतोय."

आम्ही दोघींनी बाल्कनीकडे बघितलं. तांबडं कापड भर उन्हात होतं. ताई माझ्या आधी उठली.