अनपेक्षित भूस्तर

केनवडजवळच्या एका नाल्यावर पूल बांधायचा होता आणि मी त्या कामावर कनिष्ठ अभियंता होतो. नोकरीतलं दुसरं वर्ष. खडक किती खोल आहे हे पाहायला तीन ठिकाणी बोअर घ्यायचे होते. दोन झाले. तिसऱ्याची जागा एका मावशींच्या वावरात येत होती आणि वावरात तूर उभी होती.

"तूर सोंगू द्या, मंग घाला तुमची गाडी," मावशी म्हणाल्या. "पंधरा दिवसाची तं गोष्ट हाय."

पंधरा दिवस माझ्याकडे नव्हते. अंदाजपत्रक मार्चच्या आत वर जायला हवं म्हणून वरिष्ठांचा रोज फोन येई. मी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, पंचवीस पावलं मागे आलो आणि रस्त्याच्या कडेला बोअर घेतला. चार मीटरवर काळा पाषाण लागला. नकाशावर मात्र मी तो बोअर वावरातच दाखवला.

दोन वर्षांनी तिथल्या खांबाचा पाया खोदायला घेतला. चार मीटरवर माती. सहावर माती. नऊवर माती आणि पाणी. ठेकेदाराच्या मुकादमाने मला खड्ड्याच्या काठावर नेलं.

"साहेब, खडक कोन्या साइडले हाय?"

मी रस्त्याकडे पाहायचं टाळलं.

काम थांबलं. पायाचं डिझाइन बदललं, त्यामुळे सुधारित अंदाजपत्रक करावं लागलं. त्यात वाढीव खर्चाचं कारण लिहायची जागा असते. तिथे मी लिहिलं की बोअर ठरलेल्या जागी घेतला नव्हता आणि चूक माझी आहे. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले.

फाइल परत आली. जागा बदलायला मंजुरी कोणाची होती? कोणाचीच नाही, असं मी कळवलं. पुन्हा परत आली. मंजुरी नसताना बोअरचं बिल कसं निघालं? तेवढ्यात नवी दरसूची लागू झाली, लोखंड महागलं, पावसाळा आला आणि खड्डा पाण्याने भरला. खर्च आणखी वाढला. ही वाढ निव्वळ मी खरं लिहिल्यामुळे झाली होती.

शेवटी वरिष्ठांनी मला समोर बसवलं. "तुमचा प्रामाणिकपणा चांगला आहे," ते म्हणाले, "पण त्याला कॉलम नाही." मग त्यांनी दोन शब्द सांगितले. अनपेक्षित भूस्तर. मी ते लिहिले. आठ दिवसांत मंजुरी आली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज बरेच दिवस गेली नाही.

कोणाला तरी सांगायला हवं होतं म्हणून मी मावशींना सगळं सांगितलं.

"अनपेक्षित म्हंजे?" त्यांनी विचारलं.

"कोणालाच माहीत नव्हतं, असं."

"आमाले तं माहीत होतं. माह्या सासऱ्यानं तिथंच इहीर खंदली होती. खडक काई लागला नाही, माती ढासळत राह्यली, मंग बुजवून टाकली. तुमी इचारलं काहून नाही?"

"घाई होती," मी म्हणालो.

"ते जाऊ द्या. तुमचे मजूर माह्या वावरात पालं ठोकून राह्यले, ते कवा उठतीन?"

"महिनाभरात," मी म्हणालो.

पाच महिने लागले. त्या साली मावशींची तेवढ्या तुकड्यात पेरणी झाली नाही. सुधारित अंदाजपत्रकात ते कुठेच आलं नाही.