अंगठा राहिला

बदलापूरच्या वृद्धाश्रमात आईला सांभाळणाऱ्या मावशी एका खाटेकडून दुसरीकडे जाताना दर वेळी हात धुतात. घाई होऊ नये म्हणून सासरच्या माणसांची नावं पुटपुटतात. धाकट्या नणंदेपाशी नळ बंद होतो.

परवा मोठे डॉक्टर शेजारच्या आजोबांची जखम बघून तसेच आईकडे वळले. मावशी मध्ये उभ्या राहिल्या.

"सर, आधी हात धुवा."

"ग्लोव्हज आहेत ना, मावशी."

"ते आजोबांचे झाले. काढा."

डॉक्टर ग्लोव्हज काढून बेसिनकडे गेले. मावशी मागोमाग गेल्या.

"अंगठा राहिला."

डॉक्टरांनी अंगठा चोळला. मला हसू आलं. तेवढ्यात मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी शेअर रिक्षातून उतरून थेट आईचा हात धरून बसलो होतो. तो हळूच सोडला आणि डॉक्टरांच्या मागे जाऊन उभा राहिलो.