डोळे मिटून दिलेला निकाल

"प्रभूनं स्पष्ट दाखवलंय. तू आईचा झाडू घ्यावास."

खडकीतल्या आमच्या चर्चच्या कचेरीत पंच कमिटीचे अध्यक्ष मला हे म्हणाले. समोर खुर्ची रिकामी होती. बस म्हणाले नाहीत. माझ्या हातात बी.ए., बी.एड.ची प्रमाणपत्रं. आमच्या घरात पहिलीच. अर्ज केला होता चर्चच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी. आई त्याच शाळेत झाडलोट करायची. तिचे गुडघे गेले, म्हणून तीही जागा रिकामी झालेली.

ख्रिस्तात जात नाही, हे दर रविवारी ऐकते. अध्यक्षांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले, माझे महाराचे. हे मात्र कुणाला सांगावं लागत नाही.

आमच्यात रीत अशी, की निकाल देण्याआधी पंच देवाकडे मार्गदर्शन मागतात. सगळ्यांनी डोळे मिटायचे. जन्मभर मिटले. त्या दिवशीही मिटले होते. पण प्रार्थना लांबली. वाघोलीच्या शिकवण्या उरकून, दोन बस बदलून आलेली मी. पाय भरून आले आणि डोळे उघडले.

टेबलावर बायबल. त्याखालून टाइप केलेलं पत्र अर्धं बाहेर. शिक्षिकेच्या नेमणुकीचं. नाव अध्यक्षांच्या भाचीचं. खाली त्यांची सही, कालच्या तारखेची.

आणि अध्यक्षसाहेब अजून विचारतच होते, "प्रभू, तुझी इच्छा आम्हांला कळव."

आमेन झालं आणि मला झाडू मिळाला.

मी पत्रावर बोट ठेवलं. "साहेब, देवानं कालच कळवलं होतं का?"

"देवाला प्रश्न विचारतेस?"

"देवाला नाही. तुम्हांला."

कमिटीचे खजिनदार छताकडे बघत म्हणाले, "शिकवा अजून यांना."

घरी आई म्हणाली, "प्रभूची इच्छा असेल गं. घे ती जागा. कायमची आहे."

"आई, देवाची इच्छा तू कधी त्याच्याकडून ऐकलीस? दर वेळी साहेबांकडूनच ना?"

ती गुडघ्याला तेल चोळत बसली.

दमलेय मी. तरी रोज सकाळी देवाला वाट विचारते, आजही विचारली. आवाजबिवाज काही आला नाही. भरवसा आहे, तो त्याच्यावर. कमिटीवर नाही. झाडू मी घेणार नाही. शिक्षिकेचाच अर्ज पुन्हा लिहिलाय. खाली एक ओळ जास्तीची: नकार द्यायचा तर कारण स्वतःच्या सहीनं लिहून द्या, त्यात देवाचं नाव नको. सोमवारी नेऊन देणार. पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलणार नाही.