तीन कुलपांची पेटी

इथे आखातात, दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी बरीच वर्षं इतिहासाच्या शिकवण्या घेते. त्या हिवाळ्यात मुलांना इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा नाद लागला, आणि तो मीच लावला. धडा कंटाळवाणा होता. मी पुस्तक मिटलं आणि गोष्ट सांगायला घेतली. सुरुवातीला राजाची संपत्ती त्याच्या निजायच्या खोलीतल्या पेट्यांत असायची. राजा मुक्काम हलवी तशा पेट्याही हलायच्या. पुढे खजिना एका जागी बसला, आधी विंचेस्टरला, मग वेस्टमिन्स्टरला. तिथे मोठ्या टेबलावर बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटींचं कापड अंथरून, त्यावर सोंगट्या सरकवून हिशेब व्हायचा. त्या कापडावरूनच खात्याचं नाव पडलं, एक्स्चेकर. वर्षातून दोनदा परगण्यांचे अधिकारी त्या टेबलासमोर उभे राहत, आणि भल्याभल्यांना घाम फुटे. पेट्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे असत, एकट्याला पेटी उघडताच येऊ नये म्हणून.

"टीचर, आपण याचं नाटक करूया ना!"

झालं, ठरलं. जवळच्याच वादी कबीरला वर्कशॉप असलेले रत्नागिरीकडचे एक सुतारचाचा आहेत, त्यांच्याकडून पेटी करून घेतली. "मजबूत हवी हं, मुलं वर चढतात," मी दोनदा बजावलं. कमरेएवढी पेटी आली. जाड प्लायवूड, बिजागऱ्या आतून, पुढे तीन कड्या. कुलपं दाबली की लागणारी. तीन मुलांना मी एकेका कुलपाच्या किल्ल्या दिल्या, जादाच्यासुद्धा. खेळ खरा वाटावा म्हणून.

शुक्रवारी सकाळी तालीम झाली आणि मुलं बाहेरच्या खोलीत पोह्यांवर तुटून पडली. मी आत आवरत होते. पेटीचं झाकण उघडं होतं, आत हिशेबाच्या पटाचं काळंपांढरं कापड बोळा करून टाकलेलं. आठवणीने ठेवलं की पोरांनी, असं वाटून बरंही वाटलं. मी झाकण लावलं, तिन्ही कुलपं दाबली, एसी तसाच घरघरत ठेवून दार ओढून घेतलं.

मुलं गेली. अर्ध्या तासाने वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली आली. तिची मुलगी सात वर्षांची, आमच्या शिकवणीत सगळ्यांत लहान.

"काकू, पाठवता ना तिला? जेवायचं थांबलंय."

"अगं, ती तर कधीच वर गेली."

"नाही आली."

दोघी जिन्यातून धावलो. गच्ची पाहिली, पार्किंग पाहिलं. शेजारीण रस्त्यावर जाऊन टॅक्सीवाल्यांना विचारू लागली. मी फोन घ्यायला घरात आले, आतलं दार उघडलं, आणि रिकाम्या टेबलाकडे नजर गेली. तालीम संपली तेव्हा पट टेबलावरच होता. मुलांना आवरायला मी सांगितलंच नव्हतं. मग तो पेटीत कसा गेला? आणि बोळा एवढा फुगलेला का होता?

एसी बंद करून मी पेटीवर हात आपटला. आधी काहीच नाही. मग आतून खरवडल्यासारखा आवाज आला आणि अगदी बारीक, "सॉरी टीचर. आय वोन्ट हाइड अगेन."

तिला ती शिक्षा वाटली होती.

दोन किल्ल्या इमारतीतच होत्या, मिनिटात आल्या. तिसरी ज्या मुलाकडे, तो वडिलांबरोबर दूरच्या खाबुऱ्याला निघालेला. "बर्का गाव मागे टाकलं आम्ही," ते फोनवर म्हणाले. "वळतो मॅडम, पण तास लागेल."

माझ्या हाकेने धावत वर आलेल्या शेजारणीने हातोडी घेतली. प्रत्येक घावाला आतून किंकाळी येत होती आणि कुलूप हलत नव्हतं. मग किंकाळ्या कमी झाल्या, आणि ते जास्त वाईट होतं. मी चाचांना फोन लावला. बोलता येईना; कसंबसं सांगितलं.

"कुलूप सोडा, बाई. पेटी आडवी करा, हलू. तलाला पातल प्लाय मारलाय मी. तुमाला बोललो नाय. लाथ मारा!"

आम्ही पेटी कलवली. "बाळा, झाकणाकडे सरक, पाय पोटाशी घे," शेजारीण ओरडत होती. मी लाथ मारली. दुसऱ्या लाथेला तळ फाटला. आधी एक पाऊल दिसलं, मग घामाने निथळणारी, ओठ पांढरे पडलेली ती. आईने तिला ओढून काढलं, आणि ती जोरजोरात श्वास घेत रडायला लागली. कुणाचं रडणं मी आयुष्यात कधी एवढं आसुसून ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं. संध्याकाळी मी वर गेले. शेजारीण दारातच उभी राहिली.

"झाकण लावताना आत पाहिलं नव्हतं का तुम्ही?"

"पाहिलं होतं," मी म्हणाले.

तिने दार लावलं.

नाटक झालं नाही. तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा यायला लागली. आईही येते, दाराशी खुर्ची टाकून शिकवणी संपेपर्यंत बसते. मी तिच्यासाठी चहा ठेवते. शिकवता शिकवता मध्येच थांबून मी मुलं मोजते, आणि खुर्चीवरून तीही मोजत असते.