धुळ्याची उलटी नडगी

धुळ्याच्या त्या संग्रहालयात दाराशीच पाटी होती, 'वस्तूंना हात लावू नये.' मला ती वाचता आली होती, हे आधीच सांगून ठेवतो. तिसरीपर्यंत शिकलो आहे मी. मागाहून लोकांनी उठवलं की अडाणी माणूस, पाटी वाचता आली नाही म्हणून हात लावून बसला. तसं नाही. वाचून लावला.

मी हाडवैद्य. माणसांचा नव्हे, बैलांचा. गिरणाकाठी, भडगावच्या अलीकडे आमचं गाव. आजा हेच करायचा, बाप हेच करायचा. बैलाचा खुबा निसटला, पाय मोडला, की बैल पाडायचा, चौघांनी धरायचा आणि मी डोळे मिटून हात फिरवायचा. मिटूनच. बापाने शिकवलं तेव्हा माझ्या डोळ्यांवर उपरणं बांधून शिकवलं. सूज डोळ्याला फसवते, बोटाला फसवत नाही. हाड जागेवर बसलं की बांबूच्या कांबट्या बांधायच्या, आणि मालकाला बजावायचं, तीन दिवस हलवू नको.

साल एकाहत्तर असेल. मोठा दुष्काळ अजून यायचा होता. भडगावच्या एका मारवाडी शेठच्या भावाचा बैल धुळ्याला लंगडत होता, म्हणून शेठ मला एस.टी.ने घेऊन गेले. बैलाचं काम दुपारपर्यंत उरकलं. परतीची गाडी चार वाजता होती. शेठ म्हणाले, "चल भाऊ, तोवर रावणाचं हाड पाहून येऊ."

रावणाचं हाड म्हणजे त्या संग्रहालयातलं एक भलंमोठं हाड, लोकच त्याला रावणाचं म्हणत. एका जुन्या कापसाच्या वखारीच्या दोन खोल्यांत ते संग्रहालय होतं. पहिल्या खोलीत जुन्या तलवारी, तांब्याची भांडी, पोथ्या. दुसऱ्या खोलीत दगड झालेली हाडं. बहुतेक बारकी, पेटीत कापसावर ठेवलेली. आणि मधोमध, भिंतीला लागून, सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेलं एक हाड, माझ्या कमरेच्याही वर येईल एवढं. शेजारी पुठ्ठा होता. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. डायनोसॉर, प्राचीन महाकाय सरपटणारा प्राणी, मागच्या पायाचं नडगीचं हाड, सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या बाजूला सापडलं.

"सरपटणारा, तर मग पाय कशाला?" शेठ म्हणाले. पण हात त्यांनी जोडलेच. त्यांच्याआधी कोणी हाडाला कुंकूही लावून गेलं होतं. आपल्याकडे मोठा दगड दिसला की लोक आधी कुंकू लावतात, मग विचारतात हा कोण.

मी हात जोडले नाहीत. मला काहीतरी खुपत होतं. एखादा बैल लांबून येताना दिसला तरी त्याच्या चालीत खोट आहे हे मला आधी पोटात कळतं, मग डोक्यात. तसं झालं. मी डोळे मिटले आणि हात हाडावर ठेवला. वरून खाली नेला. मग मागे, भिंत आणि हाड यांच्यामधल्या फटीत बोटं घातली. तिथे, पार खाली, सिमेंटच्या जरा वर, मला धार लागली.

"ओ! पाटी दिसत नाही का?"

तिथली देखरेख एक निवृत्त गुरुजी करत. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. दोन्ही खोल्यांतली माणसं वळून बघायला लागली.

मी म्हणालो, "गुरुजी, हे उलटं बसवलंय. वरचं खाली केलंय, आणि पुढचं मागे."

"तुम्ही कोण?"

शेठ मध्ये पडले. "आमच्याकडचे नामी हाडवैद्य आहेत गुरुजी. बैलांचे."

गुरुजी हसले. एकटे हसले असते तर चाललं असतं. त्यांनी सगळ्यांकडे बघून हसू वाटून दिलं. म्हणाले, "भाऊ, हा प्राणी मेला तेव्हा बैल जन्मालाच आला नव्हता. ज्यातलं कळत नाही त्यात पडू नये."

"गुरुजी, तुम्ही खाली बसा. धोतर वर घ्या. गुडघ्याखाली हात लावा."

"काय?"

"नडगीला हो. पुढे धार लागते ना? गुडघ्याखाली ठसठशीत, आणि खाली घोट्याकडे जाता जाता मरते. बैलाला तशीच, शेळीला तशीच, कुत्र्याला तशीच. धार वर आणि पुढे. तुमच्या या हाडाची खाली आणि मागे आहे. उलटं बसवलं कोणी?"

गुरुजी धोतर वर घेणारे नव्हते. पण शेठ आपल्या नडगीवर हात फिरवायला लागले होते, आणि कोपऱ्यातला एक धोतरवालाही. गुरुजींचा चेहरा लाल झाला. हाड गवंड्याने बसवलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. गवंडी खांब बसवतो तसं त्याने ते बसवलेलं, जाड बाजू खाली, बारीक वर. त्याच्या परीने त्याचं चूक नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुण्याहून या विषयातले प्राध्यापक यायचे आहेत. ते सांगतील. आणि तुमचं खोटं ठरलं तर?"

माझं तोंड माझं कधीच ऐकत नाही. म्हणालो, "खोटं ठरलं तर पुन्हा कुठल्या बैलाच्या पायाला हात लावणार नाही."

"लिहून द्या," म्हणाले. शेऱ्यांची वही पुढे केली. लोकांनी त्यात 'अतिशय उद्बोधक' वगैरे लिहिलेलं. मी खाली लिहिलं, 'नडगी उलटी आहे. धार पाहा. खोटं असेल तर मी धंदा सोडीन.' खाली नाव, गाव. अक्षर वाकडं होतं, पण वाचता येत होतं.

चारच्या गाडीने आम्ही परत निघालो. भडगावला उतरताना शेठ म्हणाले, "भाऊ, माझ्या भावाच्या बैलाचा पाय तरी आज बसवून झाला, हे बरं."

मी पोहोचायच्या आत बातमी गावात पोहोचली होती. बायकोने भाकरी वाढता वाढता विचारलं, "गावना बैल कमी पडनात का तुमले? आते रावणना पाय बसाडाले निंघनात!" पारावरून जाताना रोज कोणीतरी हाक मारायचंच, "काय भो, रावणना पाय बसना का?" हे मी सोसलं. पण एका सकाळी शेजारच्या वाडीचा शेतकरी लंगडा बैल घेऊन माझ्या दारावरून पुढे गेला, दुसऱ्या गावच्या वैद्याकडे. मान खाली घालून गेला. ते मला सोसलं नाही.

आणि खरं सांगायचं तर मनात पाल चुकचुकायला लागली. तो प्राणी मी कुठे पाहिला होता? त्याची धार खालीच असली तर? जनावर निराळं, काळ निराळा. मी गल्लीतल्या कुत्र्यांच्या तंगड्या चाचपल्या, शेळ्यांच्या चाचपल्या. ही सगळी चार पायांची, दूध पिणारी; तो तर सरपटणारा. याने माझं समाधान होईना. मग एका दुपारी घरात कोंबडी झाली. तंगडी खाऊन झाली, हाड हातात राहिलं, आणि सवयीने माझं बोट त्यावर फिरलं. वरच्या टोकाला, पुढच्या बाजूला, बारीकशी धार. कोंबडीलासुद्धा! मी ते हाड धुतलं आणि कोपरीच्या खिशात टाकलं. बायको म्हणाली, आता हाच देव पुजा.

महिना होऊन वर आठ दिवस गेले. मग गुरुजींचं कार्ड आलं, 'मंगळवारी यावे.' चांगलं का वाईट, एक अक्षर नाही. मी पिशवीत कांबट्या आणि सुतळी घेतली. धंदा सुटणार असेल तर हत्यार घेऊन जायचं कशाला, हे बायकोने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

प्राध्यापक माझ्यापेक्षा लहान होते, उंच, चष्मेवाले. गवंडीही हजर होता, छिन्नी-हातोडा घेऊन. शेठ भडगावहून मुद्दाम आले होते. प्राध्यापकांच्या हातात ती शेऱ्यांची वही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"धार कुठे आहे, दाखवा."

मी पाटीकडे बघितलं, मग गुरुजींकडे. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "लावा हात, भाऊ."

मी डोळे मिटले, हाडामागे बोटं घातली, धार धरली. प्राध्यापकांनी माझ्या हाताशेजारी हात घातला. धारेवरून बोटं वर-खाली नेली. मग गवंड्याला म्हणाले, "फोडा चौथरा."

सिमेंट फोडायला तास लागला. हाड आडवं काढलं, गाडलेलं टोक पुसलं, आणि ती धार अख्खी बाहेर आली, माझ्या तळहाताएवढी रुंद. प्राध्यापकांनी पुस्तकातलं चित्र तिच्याशेजारी धरलं. चित्रात धार वर होती, पुढे होती.

"गुरुजी, उलटंच आहे," ते म्हणाले. मग मला विचारलं, "तुम्ही हा प्राणी कधी पाहिला नाहीत. मग एवढी खात्री कशी?"

मी खिशातून कोंबडीचं हाड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते हसले, पण गुरुजींसारखे नाही. म्हणाले, "मीही वर्गात पोरांना हेच दाखवतो."

शेठ एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचे टांगेवाले आत आले.

पण खरी गंमत पुढेच होती. गवंडी म्हणाला, बारीक बाजू खाली घेतली तर हे उभं राहायचं नाही, सिमेंट घट्ट होईतो कलंडेल. प्राध्यापक विचारात पडले. गुरुजी विचारात पडले. मी पिशवी उघडली. शेजारच्या वखारीतून जाड बांबू मागवून फोडले. चौघांनी हाड उभं धरलं, बैल धरतात तसं, आणि मी चहूबाजूंनी कांबट्या लावून खालपासून वरपर्यंत आवळलं, खाली तीन तिरके टेकू दिले. गवंड्याने सिमेंट ओतलं. "सोडा," म्हणालो. सोडलं. हललं नाही. मी पुण्याच्या प्राध्यापकांना बजावलं, "तीन दिवस हलवू नका." "नाही हलवत," म्हणाले.

गुरुजींनी वही घेतली. माझ्या वाकड्या अक्षराखाली त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'वरील म्हणणे बरोबर आहे,' आणि सही केली. मोठा माणूस. माझं लिहिलेलं त्यांना पुसून टाकता आलं असतं, त्यांनी पुसलं नाही.

त्या दिवसापासून बैल माझ्या दारावरून पुढे गेला नाही. शिरपूरकडून, सातपुड्याच्या पायथ्याकडूनसुद्धा लोक यायला लागले.

सुगी झाल्यावर बायकोला धुळ्याला घेऊन गेलो. तिने हाड खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं. मग म्हणाली, "हाई ते सरळच शे. मंग तुम्हीन काय करं?"

मी म्हणालो, "माझ्या हातचा कुठलाही बैल बघ. चालताना कोणाला कळतं का, याचा पाय मोडला होता?"