निलगिरी तेल आणि आमेन

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये प्रार्थनेत शेजारी बसलेल्या बाईच्या पदराला निलगिरी तेलाचा वास आला आणि मी मनानं हिंडलग्याच्या जुन्या घरात, आजारी वडिलांच्या, आप्पांच्या खाटेपाशी पोचले. चर्चचे पाळक म्हणत होते, “म्हणा आप्पा, मी बरा झालोय!” आप्पांनी म्हटलं. सगळ्यांनी “आमेन” म्हटलं. मंडळी गेल्यावर आप्पांनी माझं मनगट धरलं. “पोरी, लई भ्या वाटतंय गं. कुणाला सांगू?”

तेव्हा मला त्यांचा विश्वास कमी वाटला. आता वाटतं, त्या दिवशी खरी प्रार्थना तेवढीच झाली.

आज स्टेजवरचा तरुण पाळकही तेच वदवून घेत होता. देवाच्या सेवकाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मग आप्पांचं कुणी ऐकायचं?

शेजारच्या बाईनं वर केलेला हात मध्येच खाली घेतला. मी वाकून विचारलं, “भ्या वाटतंय, आक्का?”

“व्हय.” तिनं माझा हात घट्ट धरला.

“आमेन!” हॉल गरजला. आम्ही दोघींनी हात सोडले नाहीत.